ठिणगी कुठे अडली?

चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला १००. यातली प्रत्येक ठिणगी नेमक्या सिलिंडरमध्ये, नेमक्या क्षणी आणि पेट्रोल-हवेचे दाबलेले मिश्रण पेटवण्याइतक्या जोराने पडावी लागते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकमध्ये हे सारे काम एक बॅटरी, एक कॉइल, कसपटाएवढ्या फटीने उघडझाप करणारे दोन धातूचे ठिपके (पॉइंट), एक छोटा कंडेन्सर आणि एक फिरता रोटर मिळून करतात. यात संगणक नाही. जे काही घडते ते डोळ्यांनी पाहता येते किंवा साध्या बल्बने तपासता येते.

तरीही जुना ट्रक चालू होईनासा झाला की अनेकांची गाडी अंदाजावरच चालते. आधी प्लग बदलतात, मग पॉइंट, मग कॉइल. शेवटी सगळेच नवे होते आणि बिघाड मात्र एका सैल जोडात तसाच राहतो. ठिणगीला बॅटरीपासून प्लगपर्यंत एक ठरलेली वाट आहे. ती वाट क्रमाने चालत गेलात तर बिघाड आपणहून समोर येतो. ती वाट कशी चालायची, ते या प्रकरणात पाहू.

कोणता ट्रक?

आज ट्रक म्हटले की डिझेलच आठवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. भारतात १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडू लागले आणि हळूहळू मालवाहतूक डिझेलकडे वळली. त्याआधी आपल्या रस्त्यांवर पेट्रोल ट्रकच मोठ्या संख्येने होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक जोडले. महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे विलीजच्याच आराखड्यावरचा एफसी-१५० हा छोटा ट्रक भारतात बनवला.

उदाहरणासाठी आपण हाच एफसी-१५० घेऊ. अमेरिकेत तो १९५६ च्या अखेरीस आला. त्याचे इंजिन पुढे बोनेटखाली नाही. ते केबिनमध्येच, चालक आणि शेजारचा माणूस यांच्यामध्ये, एका झाकणाखाली बसवलेले आहे. इंजिन विलीजचे 'हरिकेन' : चार सिलिंडर, १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. जीपमध्येही हेच इंजिन होते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या गॅरेजवाल्यांचा हात त्यावर बसलेला आहे. इथले आकडे या इंजिनाचे आहेत. डॉज, बेडफर्ड किंवा शेव्हरोले यांचे आकडे वेगळे असतील, पण तपासाचा क्रम तोच राहील.

१२ व्होल्टचे २०,००० कसे होतात

ही पद्धत अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांची. त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासोबत ओहायोमधल्या डेटन शहरात डेल्को कंपनी काढली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन यंत्रणा दिली. पुढे साठहून अधिक वर्षे जगभरातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी आणि ट्रक याच तत्त्वावर चालले.

कॉइलच्या डब्यात लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असतात. जाड तारेचे वेढे शेकड्यांत, बारीक तारेचे हजारोंत. चावी फिरवली आणि पॉइंट मिटलेले असले की बॅटरीचा करंट जाड वेढ्यातून वाहतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, दांड्यावरचा कॅम पॉइंट उघडतो त्या क्षणी करंट तुटतो आणि ते क्षेत्र कोसळते. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप थडथडतो, तसाच हा धक्का आहे. जाड वेढ्यात २००-३०० व्होल्ट उसळतात आणि बारीक वेढ्यात १५ ते २५ हजार व्होल्ट. हा दाब जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो, रोटर त्याला पाळीप्रमाणे एकेका प्लगकडे पाठवतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते.

कंडेन्सरचे काम इथे महत्त्वाचे आहे. पॉइंट उघडताना करंट सहजासहजी तुटत नाही. तो फटीवरून उडी मारून वाहत राहू पाहतो. कंडेन्सर तो क्षणभर पोटात घेतो. त्यामुळे करंट झटक्यात तुटतो, चुंबकीय क्षेत्र झपाट्याने कोसळते आणि पॉइंटही जळत नाहीत. कंडेन्सर निकामी झाला की क्षेत्र रेंगाळत कोसळते आणि ठिणगी मरतुकडी होते.

एवढे समजले की वाटेचे दोन भाग दिसतात. बॅटरी, चावी, कॉइलचा जाड वेढा, पॉइंट, कंडेन्सर आणि अर्थ ही १२ व्होल्टची बाजू. कॉइलचा बारीक वेढा, मधली वायर, कॅप, रोटर, प्लगच्या वायरी आणि प्लग ही हजारो व्होल्टची बाजू. बिघाड कोणत्या बाजूला आहे, हे ठरले की निम्मा तपास संपला.

आधी तक्रार ऐका

पाना हातात घेण्याआधी चालकाला विचारा : गाडी बंद कशी पडली? चावी फिरवून बंद करावी तशी एका क्षणात पडली असेल, तर संशय विजेवर घ्या. आचके देत, जोर गमावत, ढेपाळत बंद पडली असेल तर आधी पेट्रोल पाहा : टाकी, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर. हा नियम दर वेळी लागू पडत नाही, पण पहिले पाऊल कुठे टाकायचे ते सांगतो.

मग विचारा : थंड असताना त्रास देते की तापल्यावर? पावसात की कोरड्या हवेत? सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर मिसिंग, असे आहे का? गेल्या काही दिवसांत कोणी इंजिनाला हात लावला होता का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे असते. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेला त्रास बहुधा त्या दुरुस्तीच्या आसपासच लपलेला असतो.

तपास सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. पेट्रोलचा वास येत असेल तर गळती शोधून बंद होईपर्यंत ठिणगीची एकही चाचणी करू नका. एफसी-१५० मध्ये इंजिन केबिनमध्येच असल्याने वाफ साचते. झाकण काढून, दारे उघडून थोडा वेळ थांबा. चावी 'ऑन' ठेवून तासन्‌तास काम करू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून ३-४ अँपिअर करंट सतत वाहतो आणि कॉइल तापून खराब होते. हँडल मारून इंजिन फिरवायचे असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका. टायमिंग पुढे गेलेले असेल तर इंजिन उलटा झटका देते आणि अंगठा किंवा मनगट मोडते.

बॅटरी आणि अर्थ

पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी शांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. खाली गेला तर सेल्फच सगळा करंट ओढून घेतो आणि कॉइलच्या वाट्याला ठिणगीपुरताही दाब उरत नाही. अशा वेळी ट्रक ढकलून लगेच चालू होतो आणि सेल्फवर होत नाही. ही खूण दिसली की कॉइल-पॉइंटला हात न लावता बॅटरी, तिचे टर्मिनल आणि सेल्फ पाहा.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा आणि धातू उजळेपर्यंत घासा. नंतर अर्थची पट्टी पाहा. बॅटरीपासून चेसिसपर्यंत आणि चेसिसपासून इंजिनापर्यंत करंटला परतीचा रस्ता लागतो. इंजिन रबरी बुशांवर बसलेले असते, म्हणून ही पट्टी गंजली किंवा रंगावर आवळली गेली की करंट क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढू लागतो. जुन्या ट्रकमध्ये रंगकामानंतर सुरू झालेल्या अनेक विचित्र तक्रारींचे मूळ इथे सापडते.

ठिणगी कॉइलपाशी आहे का?

आता वाटेचे दोन तुकडे करणारी चाचणी. कॅपच्या मधोमध असलेली, कॉइलकडून आलेली जाड वायर काढा. तिच्या टोकाला ठिणगी तपासण्याचा टेस्टर किंवा फट वाढवलेला जुना प्लग लावा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडावर घट्ट टेकवा. वायर हाताने धरू नका. रबरी दांड्याची पक्कड वापरा. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

निळसर-पांढरी, कडकड वाजणारी ठिणगी साधारण ६ मिलिमीटरची फट ओलांडत असेल तर १२ व्होल्टची बाजू आणि कॉइल दोन्ही ठीक आहेत. दोष पुढे आहे : कॅप, रोटर, वायरी किंवा प्लग. ठिणगीच नसेल, किंवा पिवळसर आणि बारीक असेल, तर मागे वळा.

फट मोठी ठेवण्याला कारण आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेले असते आणि दाबलेल्या वायूतून उडी मारायला ठिणगीला मोकळ्या हवेपेक्षा बराच जास्त दाब लागतो. बाहेर प्लगच्या नेहमीच्या फटीत चमकणारी ठिणगी आत विझू शकते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो आणि लागणारे व्होल्टही वाढतात. म्हणून अशक्त कॉइल सपाटीवर निभावून जाते आणि घाटात उघडी पडते.

एका बल्बची कमाल

१२ व्होल्टच्या बाजूसाठी महागडे यंत्र लागत नाही. दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. एक वायर इंजिनाच्या लोखंडाला लावा आणि चावी ऑन करा.

दुसरी वायर कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला लावा. बल्ब लागला नाही तर करंट कॉइलपर्यंत पोहोचलेलाच नाही. चावीचा स्विच, फ्यूज असेल तर फ्यूज आणि मधले जोड एकेक करून मागे मागे तपासा. जिथे बल्ब पुन्हा लागेल, तिथून पुढच्या तुकड्यात बिघाड आहे.

बल्ब लागला तर वायर कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा आणि इंजिन फिरवा. इथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल. बल्ब लुकलुकला, म्हणजे पॉइंट उघडझाप करत आहेत आणि जाड वेढा अखंड आहे. तरीही ठिणगी नसेल तर संशय कंडेन्सरवर आणि कॉइलच्या बारीक वेढ्यावर. बल्ब सतत जळत राहिला, म्हणजे पॉइंट मिटतच नाहीत किंवा मिटूनही करंट जात नाही : फट फार मोठी, पॉइंटवर तेल किंवा काजळी, किंवा डिस्ट्रिब्युटरमधला अर्थ तुटलेला. बल्ब लागलाच नाही, म्हणजे जाड वेढा तुटला आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर, पॉइंट वा कंडेन्सर कुठेतरी सतत अर्थ झाला आहे. टर्मिनलवरून डिस्ट्रिब्युटरची वायर सोडा : बल्ब आता लागला तर दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये, तरीही लागला नाही तर कॉइलमध्ये.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारताना इंजिन धडधडते आणि चावी सोडताच बंद होते. ज्या ट्रकमध्ये कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो, तिथे हा त्रास दिसतो. सेल्फच्या वेळी करंट रेझिस्टर टाळून थेट जातो आणि नंतर त्याच्यातून जातो. तो तुटला की इंजिन चावी सोडेपर्यंतच जगते. क्रायस्लरच्या गाड्यांवरचा चिनी मातीचा रेझिस्टर यासाठी चांगलाच ओळखीचा आहे. रेझिस्टर कायमचा वगळून वायर थेट जोडण्याचा मोह टाळा, कारण त्यासाठीची कॉइल पूर्ण १२ व्होल्टवर जळते.

पॉइंट आणि कंडेन्सर

हरिकेन इंजिनाच्या मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे ०.५ मिलिमीटर ठेवतात. भारतातल्या अनेक गाड्यांवर पुढे लुकास पद्धतीचे डिस्ट्रिब्युटर बसले आहेत. त्यांची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच असते. म्हणून फट मोजण्याआधी डिस्ट्रिब्युटर कोणाचा आहे, ते पाहा. दुसऱ्याचा आकडा लावल्याने बिघडलेली ट्यूनिंग हे जुन्या जीप आणि ट्रकांचे नेहमीचे दुखणे आहे.

फट मोजताना कॅमच्या उंचवट्याने पॉइंट पूर्ण उघडलेले असले पाहिजेत. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ झालेले असते. अशा वेळी फिलर गेज टेंगळावर टेकते आणि खरी फट दाखवलेल्या आकड्यापेक्षा मोठी निघते. ड्वेल मीटर असेल तर तोच वापरा. ऑटोलाइटसाठी पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन सुमारे ४२ अंश असतो. चार सिलिंडरमध्ये प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला डिस्ट्रिब्युटरच्या फेरीचे ९० अंश येतात. ३,००० फेऱ्यांना त्या ९० अंशांना सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, म्हणजे कॉइलला भरून घ्यायला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ मिळतो. फट गरजेपेक्षा मोठी झाली की हा वेळ घटतो आणि वेगात मिसिंग सुरू होते.

पॉइंटचा फायबरचा पाय कॅमवर घासून झिजतो. त्यामुळे फट लहान होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. ट्रक हळूहळू जोर गमावतो, तापू लागतो, पेट्रोल जास्त पितो आणि हे इतक्या सावकाश होते की चालकाला कळत नाही. कॅमवर ग्रीसचे एक अगदी पातळ बोट फिरवले तर पाय जास्त टिकतो. ग्रीस जास्त झाले तर तेच उडून पॉइंटवर बसते.

नवे पॉइंट बसवूनही ठिणगी येत नसेल तर घाबरू नका. कारखान्यातून आलेल्या पॉइंटवर गंजू नये म्हणून पातळ थर असतो आणि फिलर गेजच्या पात्यावरही तेल असते. मिटलेल्या पॉइंटमधून स्वच्छ, कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा एक-दोनदा ओढा. अनेक 'न चालणारे' नवे पॉइंट एवढ्यावर चालतात.

डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटपर्यंत जाणारी छोटी मऊ वायर नीट बघा. ज्या डिस्ट्रिब्युटरमध्ये व्हॅक्युम ॲडव्हान्स असतो तिथे प्लेट सतत हलते आणि या वायरीचे धागे आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते, मात्र ॲक्सिलरेटर दाबताच करंट तुटतो. वायर बोटांनी हळूच ओढून पाहा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबे उरलेले नाही.

कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. तो खराब झाल्याच्या खुणा स्पष्ट असतात : पॉइंटमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या ठिणग्या, पॉइंटवर निळसर-काळे डाग, थोड्याच दिवसांत पुन्हा जळणारे पॉइंट, कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके. तो थंड असताना चांगला आणि तापल्यावर निकामी, असाही वागतो. बाजारात मिळणारा नवा कंडेन्सर चांगला असेलच, याची खात्री नसते. म्हणून तुमचा जुना कंडेन्सर चालत असेल तर केवळ पॉइंटसोबत बदलायचा म्हणून तो फेकू नका.

कॉइल

कॉइल तपासायला मल्टीमीटर हवा. बॅलास्टशिवायच्या १२ व्होल्ट कॉइलच्या जाड वेढ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो आणि बॅलास्टवाल्या कॉइलचा सुमारे दीड. बारीक वेढा काही हजार ओहम दाखवतो. वेढा तुटलेला असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. पण तापल्यावर त्रास देणारी कॉइल थंड मोजून उपयोग नाही. गाडी बंद पडली त्याच वेळी, गरम असतानाच मोजा.

एफसी-१५० मध्ये इंजिनाची उष्णता झाकणाखाली कोंडते. कॉइल झाकणाच्या आत बसवली असेल तर तिच्यावर दुहेरी मार बसतो. ती शक्य तिथे हवेशीर जागी हलवणे हा चांगला उपाय आहे.

कॉइलची दिशाही बघा. प्लगचा मधला दांडा बाहेरच्यापेक्षा जास्त तापतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन लवकर सुटतात, म्हणून मधला दांडा ऋण असला की ठिणगी कमी व्होल्टमध्ये पडते. कॉइलच्या वायरी उलट जोडल्या तर गाडी चालते, पण ठिणगीला जास्त दाब लागतो आणि चढावर मिसिंग येते. ऋण अर्थ असलेल्या विलीजमध्ये कॉइलचे ऋण टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवे. जुन्या ब्रिटिश ट्रकांत अर्थ धन बाजूला असे. तिथे हे उलट होते. सुरुवातीच्या विलीज गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. त्या १२ व्होल्टवर नेल्या असतील तर कॉइलही बदलली गेली का, ते तपासा.

कॅप, रोटर, वायरी आणि पावसाळा

कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर जून लागला की या बाजूची परीक्षा सुरू होते. हजारो व्होल्टला ओलाव्याचा आणि धुळीचा पातळ थरही रस्ता म्हणून पुरतो. कॅप काढून कोरड्या कापडाने आतून-बाहेरून पुसा आणि उजेडात फिरवून पाहा. दोन टर्मिनलच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी, बारीक रेघ दिसली तर तिथून करंट गळतो आहे. ही रेघ घासून जात नाही, कारण ती जळलेल्या बॅकेलाइटचा कार्बन असते. असा कॅप बदलाच. मधला छोटा कार्बनचा तुकडा जागेवर आहे आणि त्याची स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते, हेही पाहा.

रोटरलाही अशीच गळती लागते. त्याच्या खालच्या बाजूला जळका ठिपका शोधा. वायरींसाठी सर्वांत सोपी चाचणी अंधारातली आहे. रात्री इंजिन चालू ठेवून दिवे बंद करा. ज्या वायरीतून निळ्या ठिणग्या इंजिनाच्या लोखंडावर उडताना दिसतील, ती वायर संपली.

वायरींचा क्रम हरिकेनसाठी १-३-४-२ असा आहे. जुन्या शेव्हरोलेच्या आणि डॉजच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनांचा १-५-३-६-२-४. वायरी काढण्याआधी त्यांना क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावा आणि रोटर कोणत्या दिशेने फिरतो, ते पाहून ठेवा. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन फटाके फोडत, हादरत चालते किंवा चालतच नाही.

टायमिंग

हरिकेनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ५ अंश आधी ठिणगी पडायला हवी. इथेही तोच बल्ब उपयोगी पडतो. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनच्या फेरीत इंजिन हळूहळू फिरवून खूण ५ अंशांवर आणा. बल्ब डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावून डिस्ट्रिब्युटर सैल करा आणि बल्ब जिथे नेमका पेटतो तिथे आवळा. टायमिंग नेहमी पॉइंटची फट लावल्यानंतर लावायचे, कारण फट बदलली की टायमिंग बदलते.

विलीज इंजिनाची एक खास गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. डिस्ट्रिब्युटरचा दांडा थेट कॅमशाफ्टवर चालत नाही. तो तेलपंपाच्या दांड्याच्या खाचेत बसतो आणि तेलपंप कॅमशाफ्टच्या गिअरवर चालतो. तेलपंप काढून एक दाता चुकवून बसवला तर सगळे टायमिंग सरकते. 'तेलपंपाचे काम केले आणि गाडी चालूच होईना' ही तक्रार ऐकली की कॉइल-कंडेन्सर विसरा आणि रोटर कुठे पाहतो आहे, ते आधी तपासा.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा बाजूला हलवून पाहा. बुश झिजलेला असेल तर प्रत्येक सिलिंडरसाठी फट वेगळी पडते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी इंजिन एकसारखे चालत नाही. रोटर फिरवून सोडला की स्प्रिंगने परत यायला हवा. तो अडकला तर आतली वजने गंजली आहेत आणि वेगानुसार ठिणगी पुढे सरकत नाही.

प्लग काय सांगतो

प्लग शेवटी आला, तरी तो साऱ्या वाटेचा साक्षीदार असतो. गाडी थोडी चालवून, बंद करून प्लग काढा. फिका तपकिरी किंवा राखाडी रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओला, तेलकट काळा रंग म्हणजे रिंग किंवा वॉल्व्हमधून येणारे तेल. इथे प्लग बदलून रोग जात नाही. पांढरा, फोड आलेला प्लग म्हणजे मिश्रण पातळ, टायमिंग पुढे किंवा प्लगच चुकीच्या प्रकारचा. प्लगचे टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की काजळी जळून जाते आणि साधारण ८५० च्या वर ते स्वतःच मिश्रण पेटवू लागते. म्हणून प्लगचा क्रमांक इंजिनाला जुळणारा हवा. फट ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर.

घाटात बंद पडलेला ट्रक

समजा, भरलेला एफसी-१५० उन्हाळ्यात घाट चढताना अचानक बंद पडला आणि थोड्या वेळाने आपोआप चालू झाला. घाईत दोन निष्कर्ष निघतात : कॉइल गेली, किंवा पेट्रोल तापून पाइपात वाफ अडकली. दोन्ही शक्य आहेत, म्हणून बंद पडलेल्या क्षणीच तपासा. ठिणगी जोरकस असेल तर पेट्रोलकडे वळा. ठिणगी नसेल आणि कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर बल्बही लागत नसेल, तर चावीचा स्विच किंवा एखादा तापणारा जोड दोषी. बल्ब डिस्ट्रिब्युटरकडे लुकलुकतो आहे आणि तरीही ठिणगी नाही, तर कंडेन्सर बदलून पाहा. तो हाताशी ठेवायला सर्वांत स्वस्त. त्यानेही फरक पडला नाही तर कॉइल. गाडी थंड झाल्यावर यातले काहीही सिद्ध करता येत नाही, म्हणून बल्ब आणि एक जादा कंडेन्सर गाडीतच असू द्या.

पॉइंट नसलेले ट्रक

१९७० च्या दशकात अमेरिकन ट्रकांमधून पॉइंट गेले. जनरल मोटर्सने १९७४ च्या सुमारास एचईआय यंत्रणा आणली. तिच्यात कॅपवरच कॉइल आणि आत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. फोर्डच्या १९८० च्या दशकातल्या एफ-मालिकेतल्या अनेक पिकअपवर टीएफआय मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्याच अंगावर बसवलेले होते. तिथे ते तापून गरम असताना बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालते. ते बसवताना मागे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली नाही तर नवे मॉड्यूलही लवकर जाते. भाग बदलले, पण वाट तीच राहिली : करंट पोहोचतो का, त्याची उघडझाप होते का, कॉइल दाब देते का, दाब योग्य प्लगपर्यंत जातो का. पॉइंटच्या जागी मॉड्यूल आले, एवढाच फरक.

जुन्या ट्रकच्या मालकाला माझे एवढेच सांगणे आहे. एका वहीत तुमच्या गाडीचे पाच आकडे लिहून ठेवा : पॉइंटची फट, प्लगची फट, टायमिंग, वायरींचा क्रम, कॉइलचा रोध. डिस्ट्रिब्युटर कोणाचा आहे, तेही लिहा. बिघाड झाला की एका वेळी एकच भाग बदला आणि काय बदलले, त्याने काय झाले, याची नोंद ठेवा. दोन भाग एकदम बदलले तर दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. आधी मोजा, मगच बदला.